दुसऱ्या ट्रम्पेटची जागा

१

दर दुसऱ्या शुक्रवारी दुपारी मी ट्रम्पेटला आंघोळ घालतो. माझी बायको जोस्लीन यावर गेली पाच वर्षं हसतेय. "स्वतः सुट्टीच्या दिवशी आंघोळीला कंटाळतोस आणि त्या पितळेला साबण चोळत बसतोस," म्हणते. खोटं नाही. पण ट्रम्पेट धुवावाच लागतो. आपण काय खातो-पितो ते सगळं फुंकरीबरोबर आत जातं.

आम्ही दोह्याला अबू हमूरमध्ये राहतो. मालकाने एका व्हिलाचे चार तुकडे केलेत, त्यातला मागचा तुकडा आमचा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंड पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. म्हणून इथले सगळे उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतात आणि त्याच्या पोटातलं पाणी गार म्हणून वापरतात. मीही तेच बादलीत घेतो, कारण गरम पाण्याने पितळेवरचा लेप सुटतो. आधी बोटांनी दाबायचे तिन्ही व्हॉल्व बाहेर काढून पंच्यावर ओळीने मांडायचे. त्यांच्यावर एक, दोन, तीन असे आकडे कोरलेले असतात. एकाच्या जागी दुसरा घातला तर हवा अडते आणि कितीही फुंका, आवाज येत नाही. सुरुवातीला मी ही चूक केली होती आणि दुकानदाराला पत्राने शिव्या घातल्या होत्या.

मी ऑफिसात ड्रॉइंग काढतो. रेघ अर्धा मिलिमीटर सरकली तरी मला झोप लागत नाही, असा माझा स्वभाव. ट्रम्पेट मी अठ्ठ्याण्णव साली सुट्टीत मुंबईहून आणला. दोहा एअरपोर्टवर कस्टमवाल्याने पेटी उघडायला लावली आणि म्हणाला, "वाजव." मला तेव्हा एकच सूर यायचा. तो वाजवला. तो म्हणाला, "खलास, जा." माझ्या वादनाला मिळालेली ती पहिली दाद.

खरं तर वाजवायचं वेड घरातलंच. वसईला आमच्या गावचा ब्रास बँड होता आणि माझे रोनाल्डकाका त्यातला पहिला ट्रम्पेट. आईबाबा लवकर गेले, मला काकांनी आणि पॉलीनकाकींनी वाढवलं. पण काकांनी मला बँडच्या तालमीच्या खोलीत पाऊल ठेवू दिलं नाही. "लग्नात बुंदी आणि मयतीला चहा, एवढीच कमाई आहे यात. तू शीक," म्हणायचे. मी शिकलो, नोकरीला लागलो, कतारला आलो आणि तिसाव्या वर्षी गुपचूप ट्रम्पेट घेतला. काकांना कळलं तेव्हा त्यांनी फोनवर आधी कुठल्या कंपनीचा ते विचारलं. मग म्हणाले, "गाल फुगवू नकोस." त्यानंतर दर महिन्याला मी फोनवर वाजवायचो आणि ते चुका काढायचे.

हे सगळं सांगतोय, कारण पुढे जे झालं ते काकांशी झालं. माझ्या हातून झालं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

२

दोन हजार दोनच्या मे महिन्यात मी सुट्टी संपवून परतत होतो. निघायच्या घाईत काकांच्या कपाटात मला एक कॅसेट दिसली. वर फक्त '१९७८' लिहिलेलं. काका दुपारचे झोपले होते, त्यांना उठवलं नाही. बॅगेत टाकली.

दोह्याला येऊन लावली तर आमचाच बँड. संथ चाल. आधी काकांचा ट्रम्पेट अकरा सुरांची एक ओळ वाजवतो. मग ढोल तसाच चालू राहतो, चार ठोके, आठ ठोके, आणि त्यावर कोणीच काही वाजवत नाही. जागा रिकामी जाते. पुन्हा काका, पुन्हा रिकामी जागा. असं वीस मिनिटं.

मी हरखलो. शिकणाऱ्यांसाठी अशा कॅसेट मिळतात, एक वाद्य मुद्दाम गाळलेल्या, आपण घरी बसून ते भरायचं. मला वाटलं, काकांनी दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याच्या तालमीसाठी करून घेतली असणार. मागे पुष्कळ पावलांचा आवाज होता, मध्येच एक कुत्रं भुंकत होतं. मी म्हटलं, तालीम रस्त्यावर घेतली असेल.

दोन शुक्रवार बसून मी त्या जागेत बसेल अशी उत्तराची ओळ तयार केली. तिसऱ्या शुक्रवारी मिस्साची प्रार्थना झाली, जेवण झालं, जोस्लीन हॉस्पिटलात ड्युटीवर गेली. मी पडदे ओढले, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून भोंग्यात म्यूटचं बूच बसवलं आणि टेप लावला. काकांनी विचारलं, मी उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा दिलं. ज्या बँडाच्या दारातून मला हाकललं होतं, त्यात मी चालत होतो. डोळ्यांत पाणी आलं, उगाच कशाला लपवू. एसीची घरघर, पडद्यातून झिरपणारा पिवळा उजेड आणि आम्ही दोघं काका-पुतणे. त्या दुपारी मला जागेपणी स्वप्न पडल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतर आठवडाभर ऑफिसात काम होतं. पेटी उघडलीच नाही. पुढच्या शुक्रवारी ट्रम्पेट काढला आणि सवयीने खालच्या वळणावरची छोटी चावी दाबली. ती आत साचलेलं पाणी काढायची चावी. लोक त्याला थुंकी म्हणून नाक मुरडतात, पण ती आपल्या श्वासाची वाफ असते, पितळेत गार होऊन पाणी झालेली. ट्रम्पेट ठेवताना मी ते नेहमी झटकून काढतो आणि आत फडकं फिरवतो.

चावीतून पाणी आलं. चमचाभर. फरशीवर पडलं, त्यात माझा पाय पडला, तेव्हा लक्षात आलं की ते कोमट आहे.

३

घाबरलो नाही. मी ड्रॉइंगवाला माणूस, मला कारण लागतं. जूनमध्ये दोह्यात हवा इतकी दमट असते की घराबाहेर पडलं की चष्मा धुरकट होतो. पितळ एसीत गार पडलं असणार, दमट हवा आत शिरली असणार, झालं पाणी. कोमट का, या प्रश्नाकडे मी सरळ काणाडोळा केला.

त्या दिवशी वाजवताना टेपवर काकांच्या ओळीतला शेवटचा, अकरावा सूर आला नाही. दहा सूर आणि मग ढोल. मी कॅसेट मागे नेऊन तीनदा ऐकली. टेप झिजली असेल म्हणून कापसाला स्पिरिट लावून टेपरेकॉर्डर साफ केला. पुन्हा दहाच.

संध्याकाळी बाहेर कचरा टाकायला गेलो तर मुदस्सिर गाडी पुसत होता. मुदस्सिर आमच्या भिंतीपलीकडचा, रत्नागिरीचा, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात कारकून. माझा रियाज भिंतीतून ऐकून ऐकून त्याला माझ्या चुकाही पाठ झाल्या होत्या.

"काय रे ॲलन, पाहुणा कोण आलाय?" त्याने विचारलं.

"कोण पाहुणा? कोणी नाही."

"मग दुसरा कोण वाजवत होता? तुझ्यापेक्षा बरा वाजवतो हां. राग मानू नको."

"टेप आहे ती. काकांची."

"टेप कळते मला," मुदस्सिर फडकं पिळत म्हणाला. "टेप खरखरते. तू अडखळतोस. हा तिसरा."

मी हसून घेतलं. तो थट्टेखोर आहेच. त्याच्या गाडीत कॅसेट लावून पाहिली, तर तिथेही अकरावा सूर नव्हता. म्हणजे दोष माझ्या टेपरेकॉर्डरचा नव्हता. कॅसेटच म्हातारी झाली होती, असं मी ठरवून टाकलं आणि मुदस्सिरला आभाराचं शुक्रन म्हणून घरात आलो.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा कोमट पाणी निघालं आणि टेपवर काकांचे नऊच सूर आले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आठ.

४

चौदा जुलैला काकांचा वाढदिवस. बहात्तर पूर्ण. मी ऑफिसातून लवकर आलो, फोन स्पीकरवर टाकला, शुभेच्छा दिल्या आणि म्हटलं, "काका, तुमच्यासाठी भेट आहे. बोलू नका, ऐका." टेप लावला आणि त्यांच्या आठ सुरांना माझं उत्तर वाजवलं. चार वेळा. मग टेप बंद करून दाद मिळायची वाट पाहत बसलो.

पलीकडे काकांनी कोणाला तरी पंखा बंद करायला सांगितलं.

"ती कॅसेट कुठे मिळाली तुला?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं, पण ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "पोरा, ती तालीम नाही. ती इनासची मयत आहे."

इनास म्हणजे बँडचा दुसरा ट्रम्पेट. काका आणि तो अठरा वर्षं खांद्याला खांदा लावून वाजवत होते. कावीळ होऊन आठ दिवसांत गेला. कुवेतहून आलेल्या कोणाच्या तरी टेपरेकॉर्डरवर ती मिरवणूक भरून घेतली होती.

"बँडवाला गेला की बँड त्याला कबरीपर्यंत वाजवत नेतो," काका सांगत होते. "पण त्या दिवशी त्याची ओळ कोणी वाजवायची नसते. जागा सोडायची. ती त्याची असते, शेवटची. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून तो वाजवत नाही असं नसतं. तुला मी बँडात येऊ दिलं नाही, तुला कसं कळणार? चूक माझीच."

मेलेल्या माणसाच्या जागेत मी महिनाभर घुसून बसलो होतो, तेही हौसेने.

"ते राहू दे," काका म्हणाले. आता त्यांचा आवाज थोडा हलला. "तुझ्याबरोबर आत्ता दुसरा कोण वाजवत होता?"

"कोणी नाही, काका."

"तो उत्तराचा तिसरा सूर जरा दाबून घेतो. तसा दाबून एकच जण घ्यायचा." मग त्यांना खोकला आला. थांबल्यावर म्हणाले, "माझं काही खरं नाही हल्ली. महिना झाला, ओळीचा शेवट लागत नाही. आधी एक सूर जायचा, आता तीन जातात. दम पुरत नाही."

मी हातातल्या ट्रम्पेटकडे बघत बसलो. अकरातून तीन गेले की आठ राहतात. हे गणित करायला ड्रॉइंगवाला लागत नाही.

५

मी कानाला खडा लावला. कॅसेट पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून वर चिकटपट्टी मारली. ट्रम्पेट पेटीत, पेटी कपाटावर, पेटीवर जोस्लीनची मोठी बॅग. काकांचे उरलेले आठ सूर शाबूत राहावेत, एवढंच मला हवं होतं. माझी हौस गेली चुलीत.

जोस्लीनला सगळं सांगितलं. ती नर्स आहे, तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"ॲलन, बहात्तर वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं विडी ओढलेली. त्यांचं फुप्फुस म्हातारं झालंय. तुझ्या कॅसेटने कोणाचा दम जात नाही."

"आणि पाणी?"

"दमट हवा. तूच म्हणालास ना?"

मी म्हणालो होतो खरा. तिचं म्हणणं मला पटलं आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागली.

शुक्रवारी दुपारी ती ड्युटीवर गेली. मी पेपर घेऊन सोफ्यावर पडलो. एसी चालू होता, डोळा लागत होता. त्या अर्धवट झोपेत मला कपाटाकडून एक बारीक आवाज आला. टप. थोड्या वेळाने पुन्हा, टप. उठून पाहिलं तर पेटीच्या कोपऱ्यातून पाणी गळत होतं आणि कपाटाच्या दारावर एक ओली रेघ उतरली होती.

बॅग खाली काढली. पेटी उघडली. आतलं मखमली अस्तर भिजलेलं. माउथपीसला बोट लावलं तर ते ऊबदार होतं, आत्ताच कोणीतरी ओठावरून खाली ठेवल्यासारखं.

मग मी खोक्याची चिकटपट्टी फाडली. फाडायला नको होती, पण राहवलं नाही. टेपवर काकांचे चारच सूर उरले होते. म्हणजे जागा भरायला माझी गरज उरली नव्हती. मी दार उघडून दिलं होतं, तेवढं पुरे झालं होतं.

वसईला फोन लावला. पॉलीनकाकी म्हणाल्या, काकांना कालपासून घरीच ऑक्सिजन लावलाय, डॉक्टर येऊन जातात. मी ऑफिसच्या साहेबांना घरी फोन करून आणीबाणीची रजा मागितली. देश सोडायचं एक्झिट परमिट मात्र ऑफिस उघडल्यावर, शनिवारी मिळणार होतं. विमान शनिवारी रात्रीचं. एक दिवस काढायचा होता.

६

फोन ठेवून तासही झाला नसेल, बाहेर धुळीचं वादळ उठलं. असं वादळ आलं की इथे दुपारी चारलाच उजेड भगवा होतो, खिडकीबाहेरची भिंतसुद्धा दिसेनाशी होते आणि सगळे आवाज गादीखाली दडपल्यासारखे येतात. मी सोफ्यावर बसून होतो. ट्रम्पेट समोर टीपॉयवर ठेवला होता, नजरेआड करायची हिंमत नव्हती.

फोन वाजला. पॉलीनकाकी होत्या. "ऐकतच नाहीत हे. तुझ्याशी बोलायचंय म्हणतात." मग काकांचा श्वास ऐकू आला. मी स्पीकर लावला.

"वाजव," काका म्हणाले.

"नाही काका. मी उद्या निघतोय. परवा सकाळी तुमच्याजवळ असेन."

"ती कॅसेट लाव आणि वाजव."

"काका, मी वाजवलं की तुमचे सूर जातात. हे तुम्हालाही ठाऊक आहे. मला तुम्ही हवे आहात, मला नको तो बँड." मी रडत होतो आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

"चोवीस वर्षं मी ती रिकामी जागा ऐकतोय," काका म्हणाले. प्रत्येक शब्दामागे श्वास घेत होते. "दुसरे आले, वाजवून गेले. जागा भरली नाही. महिनाभर आता ती भरलेली वाटते. एकदा नीट ऐकव. मग तू ये सावकाश."

मला नाही म्हणता येईना आणि हो तर म्हणायचंच नव्हतं. मग मला एक युक्ती सुचली. टेप लावायचा, ट्रम्पेट तोंडाला लावायचा आणि फुंकायचं नाही. फोनवर त्यांना कळणार नाही, सांगू की ऐकू आलं नसेल. जागा रिकामी ठेवायची, काही झालं तरी रिकामी ठेवायची. त्यांचे चार सूर वाचवायचे.

टेप लावला. ढोल सुरू झाला, पावलं सुरू झाली. काकांचे चार सूर आले आणि थांबले. फोनवर काका तीच ओळ गुणगुणत होते, आणि त्यांचेही चारच सूर लागले. मग जागा आली.

मी श्वास कोंडून धरला. ओठ माउथपीसवर, ते ऊबदार. बोटं मी मुद्दाम व्हॉल्ववरून वर उचलून धरली होती, चुकूनही काही दाबलं जाऊ नये म्हणून. ती हवेत होती. माझ्या डोळ्यांदेखत पहिला व्हॉल्व खाली गेला. वर आला. मग पहिला आणि दुसरा एकदम. तिसरा सूर ज्या जागी येतो तिथे व्हॉल्व जरा जास्त वेळ खाली राहिला.

खोलीत आवाज नव्हता. एसी, वाळूचे कण काचेवर, ढोल, बस.

"आलास?" फोनवर काका म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकं समाधान मी जन्मात ऐकलं नव्हतं. "किती उशीर केलास रे."

ते माझ्याशी बोलत नव्हते. मला त्यांनी कधी 'रे' म्हटलेलं आठवत होतं, शाळेतून उशिरा आल्यावर, पण हा स्वर तो नव्हता. हा मित्राशी बोलायचा स्वर होता.

पुढची ओळ सुरू व्हायला हवी होती. टेपवर ढोल चालू राहिला, चार ठोके, आठ ठोके. काकांचा एकही सूर आला नाही. मग फोनवर पॉलीनकाकींनी त्यांच्या नावाने हाक मारली. एकदा, दोनदा. लग्नानंतर त्यांनी काकांना नावाने हाक मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

७

मातीला मी वेळेवर पोचलो. बँड होता, सहा-सात म्हातारे आणि चार नवीन. पहिल्या ट्रम्पेटची जागा सोडली होती. मी पेटी घेऊन मागे चाललो होतो, तर बँडमास्तरांनी मला हाताने पुढे ओढलं आणि दुसऱ्याच्या जागी उभं केलं. इतकी वर्षं ज्या दाराबाहेर मी उभा होतो ते असं उघडलं. मी उत्तर वाजवलं. समोरून प्रश्न आला नव्हता, तरी प्रत्येक जागी वेळेवर वाजवलं.

परत आल्यावर जोस्लीन म्हणाली, "तू त्यांना काही केलं नाहीस, ॲलन. ते शांतपणे गेले, हे किती जणांना मिळतं?" मी मान डोलावली. पण काकांच्या कपाटाशी मी तेव्हा गेलोच नसतो तर, हा विचार रोज एकदा येतोच.

मुदस्सिरने भिंतीपलीकडून पुन्हा काही विचारलं नाही. फक्त एकदा म्हणाला, "आज दुपारी छान वाजत होतं रे तुमच्याकडे," आणि गाडीत बसून निघून गेला. त्या दुपारी आम्ही दोघंही घरी नव्हतो.

ट्रम्पेट मी विकणार होतो. विकला नाही. कॅसेट अजून लावतो, त्यावर आता ढोल आहे, पावलं आहेत, कुत्रं आहे आणि दोन्ही जागा रिकाम्या आहेत. त्या भरायचा मोह होतो, मी वाजवत नाही. शुक्रवारी गीझरचं पाणी बादलीत घेतो, पंचा पसरतो, पेटी उघडतो आणि आधी ती छोटी चावी दाबतो. कोमट पाणी येतं. फडक्याने फरशी पुसून घेतो.

पूर्वी चमचाभर यायचं. आता दोन चमचे येतं.